समान प्रमाण पाठ : आंतरराष्ट्रीय संस्थांतील भाषासमतेचा इतिहास

एखादा करार दोन भाषांत लिहिला गेला म्हणजे त्याचे पाठ दोन होतात. करार मात्र एकच राहतो, असे कायदा मानतो. भाषाशास्त्राला ही गोष्ट इतक्या सहजपणे मान्य होण्याजोगी नाही. कोणत्याही दोन भाषांतील शब्दांची अर्थक्षेत्रे तंतोतंत जुळत नाहीत. एका भाषेत जो भेद व्याकरणाने सक्तीचा केलेला असतो, तो दुसऱ्या भाषेत ऐच्छिक असतो, किंवा मुळीच व्यक्त होत नाही. असे असता दोन पाठांमधून एकच अर्थ निघतो असे गृहीत धरून राष्ट्राराष्ट्रांमधील व्यवहार कसा चालतो, आणि ते गृहीत कोसळते तेव्हा काय घडते, हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. त्याच्या उत्तरावर राज्ये, प्रदेश व माणसांचे प्राणही अवलंबून राहिले आहेत. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या भाषाविषयक धोरणाचा इतिहास या दृष्टीने पाहणे येथे योजिले आहे.

१. वुचालेचा धडा

२ मे १८८९ रोजी इथिओपियाचा राजा दुसरा मेनेलिक व इटली यांच्यामध्ये वुचाले येथे मैत्रीचा करार झाला. त्याचे दोन पाठ होते, एक अम्हारिक व दुसरा इटालियन. आणि दोन्ही पाठ परस्परांशी जुळणारे असून सारखेच अधिकृत आहेत, असे त्या करारातच नमूद केलेले होते. तंटा उत्पन्न झाला तो सतराव्या कलमावरून. अम्हारिक पाठाप्रमाणे इतर राष्ट्रांशी व्यवहार करताना मेनेलिकाला इटालियन सरकारचे साहाय्य घेता येईल, एवढाच त्या कलमाचा अर्थ होता. इटालियन पाठातील क्रियापद मात्र असे होते की, त्यावरून मेनेलिकाने आपला परराष्ट्रव्यवहार इटलीच्या द्वारा करण्यास संमती दिली आहे, असा अर्थ निघे. पहिल्या पाठात सवलत होती. दुसऱ्यात बंधन होते.

इटलीने आपल्या पाठाच्या आधारे इथिओपिया हे आपले संरक्षित राज्य असल्याचे युरोपीय सत्तांना कळविले. मेनेलिकाने त्यास हरकत घेतली व अखेरीस १८९३ मध्ये करार अमान्य केला. या वादाची परिणती १ मार्च १८९६ रोजी अडव्याच्या रणांगणावर झाली. तेथे इटालियन सैन्याचा पूर्ण पराभव झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अदिस अबाबा येथे झालेल्या तहाने वुचालेचा करार रद्द होऊन इथिओपियाचे स्वातंत्र्य मान्य करण्यात आले. युद्धाची कारणे अर्थातच केवळ भाषिक नव्हती. इटलीची साम्राज्याकांक्षा नसती तर क्रियापदावरून युद्ध पेटले नसते. तथापि दोन पाठांना ‘सारखेच अधिकृत’ म्हटल्याने ते सारखे होत नाहीत, आणि ते भिन्न निघाल्यास निर्णय करणारा कोणी नसेल तर शस्त्र हाच निर्णायक ठरतो, हा धडा या प्रकरणातून स्पष्टपणे मिळतो.

२. एकभाषेची सोय व तिची किंमत

युरोपातील राजेरजवाड्यांनी हा प्रश्न शतकानुशतके दुसऱ्या मार्गाने टाळला होता. तो मार्ग म्हणजे सर्वांनी एकच भाषा वापरण्याचा. १६४८ चे वेस्टफालियाचे तह लॅटिनमध्ये लिहिले गेले. लॅटिन कोणाचीच मातृभाषा नसल्यामुळे तिचा वापर केल्याने कोणाचा मान वाढत नव्हता की कमी होत नव्हता. पुढे फ्रान्सच्या राजकीय व सांस्कृतिक वर्चस्वाबरोबर ही स्थिती पालटली. १७१४ च्या राश्टाटच्या तहात सम्राटाने फ्रेंच भाषेतील मसुद्यावर सही केली. परंतु या तहात फ्रेंच वापरली गेली हा पुढील काळासाठी पायंडा समजू नये, असे एक स्वतंत्र कलम त्यास जोडण्यात आले. १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहात हीच तजवीज पुन्हा केली गेली. १८१५ मध्ये व्हिएन्ना येथील परिषदेच्या अंतिम दस्तऐवजाच्या १२० व्या कलमातही, सर्व प्रती फ्रेंचमध्ये असल्या तरी त्यावरून भविष्यात कोणताही परिणाम निघणार नाही, असे म्हटले आहे.

पायंडा नव्हे असे म्हणत शंभर वर्षे जी गोष्ट केली जाते, ती पायंडाच होय. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच ही मुत्सद्देगिरीची भाषा झाली हे निर्विवाद आहे. तथापि या कलमांना केवळ शिष्टाचार समजणे योग्य होणार नाही. व्यवहारात सोय म्हणून पत्करलेली भाषा हक्क म्हणून लादली जाऊ नये, ही जाणीव त्यांच्या मुळाशी होती. १८७८ च्या बर्लिन परिषदेत ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांनी आपले भाषण इंग्रजीत केले, त्यातून ही जाणीव पुन्हा प्रकट झाली.

१८७४ मध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघ स्थापन झाला. त्याची अधिकृत भाषा फ्रेंच ठरली व ती आजतागायत तशीच आहे; इंग्रजीला तेथे कामकाजाची भाषा म्हणून स्थान मिळाले ते १९९४ मध्ये. एकभाषेच्या पद्धतीत पाठभेदाचा प्रश्नच उद्भवत नाही, हा तिचा गुण होय. मात्र त्याची किंमत इतर सर्व भाषकांना मोजावी लागते. आपल्या हक्कांचा मजकूर त्यांना नेहमी परक्या भाषेत वाचावा लागतो.

३. व्हर्सायपासून हेगपर्यंत

फ्रेंचच्या या एकाधिकाराला पहिला मोठा छेद १९१९ मध्ये गेला. व्हर्सायच्या तहाच्या अखेरीस फ्रेंच व इंग्रजी असे दोन्ही पाठ प्रमाणभूत असल्याचे जाहीर करण्यात आले. हिंदुस्थानच्या वतीने एडविन माँटेग्यू व बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी या तहावर सह्या केल्या. हे स्थान इंग्रजीला मिळाले त्याचे कारण तिचे भाषिक गुण नव्हेत. अमेरिका व ब्रिटन यांचा युद्धानंतरचा दर्जा हे होय. त्याच वर्षी ऑस्ट्रियाशी झालेल्या सॅं-जर्मँच्या तहात याहून निराळी व्यवस्था आढळते. त्याचे पाठ फ्रेंच, इंग्रजी व इटालियन अशा तीन भाषांत असून भेद आढळल्यास फ्रेंच पाठ ग्राह्य धरावा असे ठरले. केवळ राष्ट्रसंघ व कामगारविषयक भागांपुरते फ्रेंच व इंग्रजी पाठ समान बलाचे मानले गेले. एकाच परिषदेतून निघालेल्या दोन तहांत समानतेच्या दोन कल्पना नांदत होत्या.

राष्ट्रसंघाने फ्रेंच व इंग्रजी या दोन भाषा स्वीकारल्या. या दोन बलाढ्य भाषांना पर्याय म्हणून एस्पेरांतो या कृत्रिम भाषेच्या शिक्षणाला प्रोत्साहन द्यावे, अशी सूचना संघापुढे प्रारंभीच आली. तिच्या पुरस्कर्त्यांत जपान, चीन, पर्शिया व हिंदुस्थान यांचे प्रतिनिधी होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्यांच्या भाषांना संघात स्थान मिळण्याची शक्यता नव्हती, त्यांना कोणाचीच नसलेली भाषा अधिक न्याय्य वाटणे स्वाभाविक होते. संघाचे उपमहासचिव इनाझो नितोबे यांनी १९२१ च्या प्राग येथील एस्पेरांतो संमेलनास उपस्थित राहून अनुकूल अहवाल दिला. परंतु फ्रान्सच्या तीव्र विरोधामुळे ही सूचना फलद्रूप झाली नाही.

समान प्रमाण पाठांची न्यायालयीन कसोटी लवकरच लागली. जेरुसलेम व जाफा येथील सार्वजनिक बांधकामांचे मक्ते मावरोमातिस या ग्रीक नागरिकाला तुर्की अमदानीत मिळाले होते. त्यांबद्दल ग्रीसने ब्रिटनविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयात दावा लावला. पॅलेस्टाइनच्या शासनादेशाच्या अकराव्या कलमात इंग्रजी पाठात ‘कंट्रोल’ हा शब्द होता, तर फ्रेंच पाठात ‘कॉंत्रोल’. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. परंतु इंग्रजीत त्याचा कल ताबा व सत्ता यांकडे, तर फ्रेंचमध्ये तपासणी व देखरेख यांकडे आहे. न्यायालयाने ३० ऑगस्ट १९२४ च्या निर्णयात असे सांगितले की, समान अधिकाराच्या दोन पाठांपैकी एकाची व्याप्ती दुसऱ्याहून अधिक असेल, तर दोहोंशी सुसंगत होणारा मर्यादित अर्थच स्वीकारला पाहिजे. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर न्यायालयाने दोन अर्थक्षेत्रांचा सामाईक भाग तेवढा ग्राह्य धरला. वुचालेच्या वादाला जे लाभले नव्हते ते येथे प्रथमच लाभले: निवाडा करणारी संस्था आणि निवाड्याचे तत्त्व.

४. पाच भाषांची सनद

१९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद सिद्ध झाली. तिच्या १११ व्या कलमाने चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी व स्पॅनिश हे पाचही पाठ सारखेच प्रमाणभूत ठरविले. त्या परिषदेचे प्रत्यक्ष कामकाज मात्र इंग्रजी व फ्रेंच या भाषांतच चालले होते. म्हणजे काही पाठ घडणीने मूळ होते व काही घडणीने भाषांतर. परंतु २६ जून रोजी सह्या होताच त्या सर्वांना मूळ पाठाचा दर्जा प्राप्त झाला. भाषांतराला कायद्याच्या एका वाक्याने मूळ ठरविणे, ही आधुनिक आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतील एक अतिशय धाडसी कल्पना होय.

पाठांची ही समता रोजच्या कामकाजात उतरली नाही. १९४६ मध्ये आमसभेने ‘अधिकृत भाषा’ व ‘कामकाजाच्या भाषा’ असा भेद केला. अधिकृत भाषा पाच, कामकाजाच्या दोन. पुढील इतिहास म्हणजे हे अंतर कमी होत जाण्याचा इतिहास आहे. आमसभेत स्पॅनिश १९४८ मध्ये, रशियन १९६८ मध्ये व चिनी १९७३ मध्ये कामकाजाची भाषा झाली. १८ डिसेंबर १९७३ रोजी अरबीला आमसभेत दोन्ही दर्जे एकदम मिळाले. पहिल्या तीन वर्षांचा खर्च अरब राष्ट्रांनी सामुदायिकरीत्या सोसण्याचे मान्य केले होते. सुरक्षा समितीत अरबीचा प्रवेश १९८२ मध्ये झाला. सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा मात्र अजूनही इंग्रजी व फ्रेंच या दोनच आहेत.

एवढ्या भाषांत सभा चालविणे शक्य झाले ते एका तांत्रिक सुधारणेमुळे. पूर्वी वक्त्याचे भाषण संपल्यावर दुभाषी ते दुसऱ्या भाषेत सांगत असे. त्यामुळे प्रत्येक भाषेगणिक सभेचा वेळ वाढे. १९४५-४६ मधील न्यूरेंबर्गच्या खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन या चार भाषांत भाषण चालू असतानाच त्याचा अनुवाद श्रवणयंत्रातून ऐकविण्याची पद्धती मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाली, आणि १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ती कायमची स्वीकारली. भाषिक समतेच्या मार्गातील वेळेची अडचण अशा रीतीने पुष्कळशी दूर झाली. पाठभेदाची अडचण मात्र तशीच राहिली.

५. एका उपपदाचा प्रश्न

त्या अडचणीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सुरक्षा समितीचा २२ नोव्हेंबर १९६७ चा २४२ क्रमांकाचा ठराव होय. त्या वर्षीच्या जूनमधील युद्धात इस्राएलने व्यापलेल्या प्रदेशांसंबंधीचा हा ठराव एकमताने संमत झाला. मसुदा ब्रिटनचा होता व तो मुळात इंग्रजीत लिहिलेला होता. इस्राएली सैन्याने नुकत्याच झालेल्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असे त्यात म्हटले असून ‘प्रदेश’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापूर्वी निश्चयवाचक उपपद नाही. फ्रेंच पाठात त्या ठिकाणी ‘दे’ हे रूप आहे. ‘माघार’ या नामानंतर येणारे शब्दयोगी अव्यय व निश्चयवाचक अनेकवचनी उपपद यांच्या संधीने ते बनलेले आहे. अनिश्चित अर्थ अभिप्रेत असता तर फ्रेंच व्याकरणाप्रमाणे तेथे निराळे रूप यावयास हवे होते. परिणामी फ्रेंच पाठातून ‘ते सर्व प्रदेश’ असा अर्थ सहज निघतो. इंग्रजी पाठातून तो काढावा लागतो.

उपपद जाणूनबुजून गाळले होते, असे मसुदाकारांनी पुढे सांगितले. उलटपक्षी, युद्धाने प्रदेश मिळविणे अग्राह्य आहे असे त्याच ठरावाच्या प्रास्ताविकात म्हटले असल्याकडे दुसरा पक्ष बोट दाखवितो. या वादात मराठी वाचकाच्या ध्यानात येण्याजोगी एक गोष्ट अशी की, मराठीत, तसेच रशियन व चिनी भाषांत, असे उपपदच नाही. ‘व्याप्त प्रदेशांतून माघार’ या शब्दांत दोन्ही अर्थ सामावतात, आणि हवा तो अर्थ संदर्भावरून ठरतो. इंग्रजी व फ्रेंच या भाषांचे व्याकरण लेखकाला या बाबतीत मौन पाळू देत नाही. त्यांतील एकीने एक बाजू घेतली व दुसरीने दुसरी. संदिग्धता हे पुष्कळदा तडजोडीचे साधन असते. परंतु जी संदिग्धता एका भाषेत साधते ती दुसऱ्या भाषेत नेताच मोडते, हे या ठरावाने दाखवून दिले.

६. एका क्रियापदाचे बंधन

पाठभेदाच्या निवाड्याचे व्यापक तत्त्व १९६९ च्या तहविषयक व्हिएन्ना कराराने ग्रथित केले. त्याच्या ३३ व्या कलमाप्रमाणे सर्व प्रमाण पाठांत शब्दांचा अर्थ एकच आहे असे गृहीत धरावयाचे. भेद उघड झाला व अर्थनिर्णयाच्या इतर नियमांनी तो मिटला नाही, तर तहाचा उद्देश व प्रयोजन लक्षात घेऊन पाठांचा उत्तम मेळ घालणारा अर्थ स्वीकारावयाचा. १९२४ च्या निर्णयातील सामाईक व मर्यादित अर्थाच्या तत्त्वापेक्षा हे तत्त्व निराळे आहे. येथे कमीत कमी अर्थ शोधावयाचा नसून हेतू शोधावयाचा आहे.

दोन तत्त्वांतील हे अंतर किती मोलाचे आहे हे लाग्रांड प्रकरणात दिसून आले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात कार्ल व वॉल्टर लाग्रांड या जर्मन नागरिक असलेल्या बंधूंना खुनाच्या आरोपावरून मृत्युदंड झाला होता. आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क १९६३ च्या वाणिज्यदूतविषयक करारान्वये त्यांना होता; तो त्यांना वेळीच सांगण्यात आला नव्हता. कार्लला २४ फेब्रुवारी १९९९ रोजी मृत्युदंड देण्यात आला. ३ मार्च रोजी, जर्मनीच्या अर्जावरून, अंतिम निर्णय होईपर्यंत वॉल्टरच्या शिक्षेची अंमलबजावणी होऊ नये यासाठी अमेरिकेने शक्य ते सर्व उपाय योजावेत, असा आदेश आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिला. त्याच दिवशी ती शिक्षा अमलात आली.

असा अंतरिम आदेश बंधनकारक असतो काय, हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. न्यायालयाच्या संविधीच्या ४१ व्या कलमाचे फ्रेंच व इंग्रजी पाठ समान प्रमाण आहेत. फ्रेंच पाठातील क्रियापद ‘योजिलेच पाहिजेत’ असा अर्थ देते. इंग्रजी पाठातील ‘ऑट’ हे क्रियापद ‘योजावेत, योजणे उचित’ एवढेच सांगते. १९२४ चे तत्त्व यांत्रिकपणे लावले असते तर सामाईक अर्थ दुर्बळ तोच निघाला असता. परंतु २७ जून २००१ च्या निर्णयात न्यायालयाने कलमाचे प्रयोजन पाहिले. निर्णयापूर्वीच वादविषय नष्ट होऊ नये हेच अंतरिम आदेशांचे प्रयोजन असल्यामुळे ते आदेश बंधनकारकच असले पाहिजेत, असे न्यायालयाने प्रथमच ठरविले. वॉल्टर लाग्रांडला त्याचा उपयोग नव्हता.

तो इतरांना झाला. एप्रिल २०१७ मध्ये भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी, मूळचे महाराष्ट्रातील कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावल्यानंतर भारताने हेगच्या न्यायालयाकडे धाव घेतली. १८ मे २०१७ रोजी न्यायालयाने, अंतिम निर्णय होईपर्यंत जाधव यांना मृत्युदंड दिला जाणार नाही यासाठी पाकिस्तानने शक्य ते सर्व उपाय योजावेत असा आदेश दिला, आणि असे आदेश बंधनकारक असतात हे लाग्रांड निर्णयाचा हवाला देऊन पुन्हा नमूद केले. १७ जुलै २०१९ च्या अंतिम निर्णयात पाकिस्तानने १९६३ च्या कराराचा भंग केल्याचे ठरवून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगण्यात आले. दोन भाषांतील दोन क्रियापदांच्या मेळातून निघालेला अर्थ येथे एका माणसाच्या जीविताचा आधार झाला.

७. मूळ कोणते, भाषांतर कोणते

या इतिहासाच्या प्रकाशात भारतीय भाषांच्या आंतरराष्ट्रीय स्थानाचा विचार केला पाहिजे. १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी यांनी आमसभेत हिंदीतून भाषण केले. जून २०२२ मध्ये आमसभेने बहुभाषिकतेसंबंधीच्या ठरावात, सहा अधिकृत भाषांखेरीज ज्या भाषांत माहिती प्रसृत करावी त्यांत हिंदी, बंगाली व उर्दू यांचा उल्लेख केला. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेच्या अधिकृत भाषांत हिंदी आहे, पण कामकाजाच्या भाषांत नाही. भाषणाची, माहितीची, अधिकृत दस्तऐवजाची आणि मसुद्याची अशा या उत्तरोत्तर चढत्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायऱ्यांवर भाषेचा गौरव होतो. अखेरच्या पायरीवर तिला अर्थनिर्णयाचा अधिकार मिळतो. या दोहोंतील भेद विसरून चालणार नाही.

हा भेद स्वदेशातही आहे. भारताचे संविधान १९४९ मध्ये इंग्रजीत स्वीकारले गेले. १९८७ च्या अठ्ठावन्नाव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या ३९४-अ या अनुच्छेदाने त्याच्या हिंदी पाठाला अधिकृत पाठ मानले. परंतु त्याच अनुच्छेदात त्याला ‘भाषांतर’ म्हटले असून त्याचा अर्थ मुळाप्रमाणेच लावावा, आणि अडचण उद्भवल्यास त्यात योग्य ती सुधारणा करवून घ्यावी, असे सांगितले आहे. सुधारावयाचे ते भाषांतर. मूळ जागचे हलत नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात स्थान दिले. राज्य विधानमंडळाने इंग्रजीहून अन्य भाषा विहित केली असता, संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदान्वये राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध होणारे इंग्रजी भाषांतर हा त्या अधिनियमाचा इंग्रजीतील अधिकृत पाठ समजला जातो. म्हणजे एकाच अधिनियमाचे दोन पाठ सिद्ध होतात, आणि वुचालेपासून हेगपर्यंत जो प्रश्न आढळला तोच येथेही संभवतो.

दोन शतकांच्या या अनुभवातून एक निष्कर्ष काढता येतो. भाषांची समानता घोषणेने आरंभ पावते, पण घोषणेने सिद्ध होत नाही. संशयाच्या प्रसंगी त्या भाषेचा पाठ उघडून पाहिला जातो की नाही, त्यातील शब्दाला पुराव्याचे वजन मिळते की नाही, यावर ती सिद्ध होते. हेगच्या न्यायाधीशांनी २००१ मध्ये दोन्ही पाठ समोर ठेवून दोहोंना उत्तर द्यावयास लावले. समतेचा खरा अर्थ तोच होय. तो अधिकार ज्या भाषेला हवा असेल, तिच्यात आधी मसुदे लिहिले गेले पाहिजेत, ‘पाहिजे’ व ‘उचित’ यांतील अंतर नेमकेपणाने राखणारी परिभाषा घडली पाहिजे, आणि तो पाठ इतरांच्या बरोबरीने वाचणारे विद्वान व न्यायाधीश निर्माण झाले पाहिजेत. मेनेलिकाचा अम्हारिक पाठ खोटा नव्हता. तो वाचावयास कोणी बसले नव्हते, एवढेच.